बघूताईचे पहारे

माझ्या नणंदेला तिच्या ऑफिसात सगळे ‘बघू’ म्हणतात. काहीही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं. सर्व्हर बंद पडला तरी बघू, जेवायला येतेस का तरी बघू. एकदा लग्नाचं स्थळ आलं होतं, तेव्हाही ती बघूच म्हणाली आणि ते बिचारं वाट बघून दुसरीकडे गेलं. मी तिच्या धाकट्या भावाची बायको, स्वभावाने तिच्या अगदी उलटी. माझं डोकं दुधासारखं उतू जातं. तरी आमचं छान जमतं, कारण ती मनात काही ठेवत नाही आणि मी तोंडात.

ती ऑफिसजवळ वेगळी राहते. तिची कंपनी दोन खोल्यांची. एका खोलीत कामाची माणसं, दुसरीत मालक. सर्व्हर तिथे नाहीतच, ते कुठल्या तरी मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेले. बघूताईने ते कधी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. तिला दिसतात त्या फक्त स्क्रीनवरच्या रेघा, आणि त्या रेघांवरून सर्व्हरची तब्येत सांगायची हे तिचं काम. आजारात ज्यांचा आवाज जाणार असतो, त्यांचं बोलणं ही कंपनी आधीच रेकॉर्ड करून ठेवते. पुढे माणसाने फोनवर टाइप केलं की ते वाक्य सर्व्हरवर जातं, तिथे त्याच्याच आवाजात तयार होतं आणि फोनमधून ऐकू येतं.

या सोयीचं पहिलं गिऱ्हाईक आमच्या घरातच आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, असा खाक्या. मी लग्न करून आले तेव्हा या माणसाशी मी पहिलं वर्ष नुसती भांडले आणि दुसऱ्या वर्षी हसायला शिकले. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधीचे आठ दिवस बघूताई त्यांच्यासमोर माइक धरून बसली होती. ऑपरेशननंतर फोनमधून त्यांचा तोच खणखणीत आवाज आला तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि तो आवाज मला म्हणाला, ‘रडतेस काय, चहा टाक.’

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग सर्व्हर दमायला लागला.

यातलं मला जे समजलं ते सांगते. या स्वस्तातल्या सर्व्हरचं गच्चीवरच्या टाकीसारखं असतं. वरून पाण्याची बारीक धार अखंड येत असते. नळ बंद असले की टाकी भरते, आणि मग गरजेला सगळे नळ धो धो सोडले तरी चालतं. पण टाकी एकदा रिकामी झाली की तेवढी बारीक धारच हाती लागते. पाण्याच्या जागी सर्व्हरची काम करायची ताकद, एवढाच काय तो फरक. बघूताईच्या सर्व्हरची टाकी रोज रिकामी व्हायची. सकाळी ती तो बंद करून पुन्हा चालू करायची. नव्याने चालू झाला की टाकीत थोडी ताकद आयती मिळायची, तासभर सगळं झकास चालायचं, आणि पुढे दिवसभर रडगाणं.

बाबांनी टाइप केलेलं वाक्य फोनमधून यायला बराच वेळ लागायला लागला. तुम्हाला वाटेल, काय बिघडलं एवढं? पण टोमणा उशिरा आला की तो टोमणा राहत नाही, खुलासा होतो. शेजारचे काका काहीतरी थाप मारायचे, बाबा पटकन टाइप करायचे, आणि फोन बोलायचा तेव्हा काका जिना उतरून गेलेले असायचे. हळूहळू बाबांनी टाइप करणंच सोडलं. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पाणी’ हे तीन शब्द त्यांच्या आवाजात फोनमध्येच भरून ठेवलेले होते, त्यांना सर्व्हर लागत नसे. बाबा त्या तीन शब्दांवर दिवस काढायला लागले. येणारेजाणारे म्हणायचे, ऑपरेशननंतर किती शांत झाले हो तुमचे सासरे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिकडे मालकाने हात टेकले. मोठा सर्व्हर परवडणार नाही, तेव्हा महिनाअखेर हे सगळं बंद करू आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये एक तयार आवाज घालून देऊ, असं त्याने ठरवलं. तो आवाज लगेच बोलतो, पण तो कुणा भलत्याचाच. बघूताईने तो घरी आणून बाबांना ऐकवला. बाबांनी ‘नाही’चं बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुढच्या रविवारी दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली होती. मी भाजी निवडत होते. सर्व्हरवर कुणाच्या आवाजाचं किती काम होतं, त्याची रेघ तिने मला दाखवली. सगळ्यात उंच रेघ बाबांची होती. सर्व्हर धीमा असला तरी बाबा भरपूर बोलतात, तेवढं समाधान, असं ती म्हणाली.

मी सुरी खाली ठेवली. “ताई, बाबा दोन महिन्यांत एक वाक्य बोललेले नाहीत.”

“असं कसं? हे बघ ना, आत्ताही त्यांचा आवाज तयार होतोय.”

बाबा बाहेरच्या खोलीत घोरत होते. फोन माझ्यासमोर ओट्यावर, चार्जिंगला लावलेला. मी दोन्हींकडे बोट दाखवलं, आणि बघूताईचा चेहरा उतरला.

मग जे निघालं ते त्यांच्या ऑफिसात सोडून दुसरीकडे कुठे घडलं नसतं. तिथे एक रीत होती. गिऱ्हाइकाची तक्रार आली की एक पहारा बसवायचा. पहारा म्हणजे एक छोटा प्रोग्राम, जो दर थोड्या वेळाने सर्व्हरला एक वाक्य बोलायला लावतो आणि ते वेळेवर आलं का ते पाहतो. पहिला पहारा बघूताईचा. पहिलं गिऱ्हाईक बाबा, म्हणून चाचणीचा आवाज त्यांचा. पुढे नवा पहारा बसवताना ज्याने त्याने तोच उतरवून घेतला, बाबांच्या आवाजासकट. सर्व्हर धीमा झाला की तक्रारी वाढायच्या, तक्रारी वाढल्या की पहारे वाढायचे, आणि पहाऱ्यांनी सर्व्हर आणखी धीमा व्हायचा. पहारा काढायची मात्र कुणाची छाती नव्हती. उद्या काही झालं तर कुणी काढला म्हणून विचारतील ना.

तिने चाचणीचं वाक्य लावून दाखवलं. बाबांचा खणखणीत आवाज म्हणाला, ‘मी मजेत आहे, काळजी करू नका.’

रात्रंदिवस, मिनिटाला कितीतरी वेळा, ऐकायला कुणी नसताना, तो सर्व्हर हेच वाक्य तयार करत होता. आणि ज्यांचा तो आवाज, ते बाहेर मुके होऊन पडले होते. मला तिचा राग यायला हवा होता. पण ती अशी बसली होती की मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काळजीपोटीच केलं होतं तिने सगळं, आणि काळजी करताना एकदाही बाहेरच्या खोलीत जाऊन बसली नव्हती. हे मी तिला बोलून दाखवलं. ती बघू म्हणाली नाही. “खरं आहे,” म्हणाली.

सोमवारी तिने ऑफिसात पहारे उठवायला घेतले. सहकाऱ्यांनी कटकट केली. पहारेच नसतील तर बिघाड कळणार कसा, असं त्यांचं म्हणणं. तिने एकच साधा पहारा ठेवला, सर्व्हर जागा आहे का एवढंच विचारणारा, वाक्य बोलायला न लावणारा. दिवसभर ती टाकीची रेघ चढताना पाहत राहिली. मंगळवारी मालकालाही टाकी भरलेली दिसली. त्याने चार दिवस वापर बघितला आणि बंद करायचा बेत गुंडाळून ठेवला.

शनिवारी ती घरी आली. लॅपटॉप आणला नव्हता. आम्ही ताटं घेत होतो. ती बाबांसमोर खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली.

“बाबा, चूक माझीच. मी रोज बघत होते, तरी मला कळलं नाही. तुमचाच आवाज वापरून मी तुमचाच आवाज अडवून ठेवला होता. मला तेव्हाच यायला हवं होतं, पण ऑफिसात इतकं—”

बाबांचा अंगठा फोनवर झरझर फिरला.

“पुरे. तुझं झालं असेल तर मला बोलू दे.”

ती जागच्या जागी थांबली, वाक्य तसंच अर्धं टाकून. कितीतरी महिन्यांनी या घरात बाबांनी कुणाला मध्येच तोडलं होतं. ती हसायला गेली आणि तिला हुंदका फुटला. बाबा तिच्याकडे बघत पुढचं टाइप करायला लागले. मी सगळ्या ताटांवर झाकणं ठेवली, कारण आता जेवायला उशीर होणार हे मला दिसतच होतं.