घण टेकल्याचा आवाज

लोक माझ्या वडिलांना लोहार म्हणायचे आणि आईला लोहाराची बायको. मला त्याचा तेव्हाही राग यायचा. आमच्या भट्टीवर अर्धं काम आईचं होतं. वडील एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात लहान हातोडा घेऊन ऐरणीपाशी बसायचे. हातोड्यानं ते जिथं टिचकी मारतील, तिथं आईनं घण घालायचा. ऐरणीच्या कडेवर टिचकी पडली की थांबायचं. भाता ओढायला वेगळा माणूस नव्हता. ज्याचं काम असेल त्यानंच तो ओढायचा, मग तो कितीही मोठा शेतकरी असो.

आई मैंदर्गीकडची, कानडी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत 'ये' आणि 'जा' यापलीकडं काही कळत नव्हतं, पण घण येत होता. तिच्या माहेरीही हाच धंदा होता. वडील सांगायचे, पहिले सहा महिने आम्ही दोघं हातोड्यानंच बोललो. ती घाव मोजायची तेही कानडीत, ओंदु, एरडु, मूरु, आणि भाता ओढणारे शेतकरी हसायचे. पुढं पुढं त्यातल्या निम्म्या जणांना वीसपर्यंत कानडी आकडे पाठ झाले.

वडील तापट होते आणि सोवळ्याओवळ्याचे तर फारच. पायताण घालून कुणी ऐरणीला शिवला तर त्याचं काम तसंच परत जायचं. विटाळातल्या बाईनं ऐरणीजवळ यायचं नाही हा आमच्यातला नेम, आणि तो वडिलांइतका कडक पाळणारा माणूस मी पाहिला नाही. आई बाजूला बसली की ते चार दिवस भट्टी पेटायची नाही. वडील अंगणात बसून कुऱ्हाडींना दांडे बसवायचे आणि कामाला आलेल्याला सांगायचे, "कोळसा वला हाय." ऐन वैशाखातसुद्धा आमचा कोळसा ओला असायचा. गाव समजून घ्यायचं.

धंद्यातलं खरं कसब ठोकण्यात नव्हतं, पाणी देण्यात होतं. हत्याराची धार तापवून पाण्यात बुडवायची, लगेच वर काढून विटेच्या तुकड्यानं घासायची, आणि मग त्या चकचकीत पात्यावर रंग चढत येतात ते बघायचं. आधी कडब्यासारखा पिवळा, मग तांबूस, मग वांग्याचा जांभळा, मग निळा. कुऱ्हाडीला जांभळा आला की तत्क्षणी परत पाण्यात. घाई झाली तर धार तडकते, उशीर झाला तर वाकते. हे सगळं दोन श्वासांत व्हायचं.

माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी वडिलांना हे रंग दिसेनासे झाले. विस्तवाकडं बघून बघून डोळ्यांवर पडदा आला होता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. चार फाळ बिघडले तेव्हा त्यांनी लोखंडाला शिव्या दिल्या, सोलापूरच्या व्यापाऱ्याला दिल्या, भाता ओढणाऱ्यालाही दिल्या. आई ऐकत राहिली. मग एके दिवशी पाण्याच्या वेळी तिनं हातातला घण जमिनीवर टेकवला. धप्प आवाज झाला. वडील क्षणभर थबकले आणि त्यांनी कुऱ्हाड पाण्यात घातली. ती कुऱ्हाड चांगली निघाली. तेव्हापासून रंग आईनं बघायचा, योग्य वेळी घण टेकवायचा, आणि वडिलांनी हत्यार बुडवायचं. दोघांत याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. मला हे कळलं होतं, आणि मलाही बोलायची छाती नव्हती.

पुढं मी सासरी गेले. तिसाच्या सालाच्या आगंमागं पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तर घरात वेगळंच संकट उभं होतं. ऐन नांगरटीत आईचे वडील वारले होते आणि ती तेराव्यापर्यंत मैंदर्गीकडं राहिली होती. तेवढ्या दिवसांत वडिलांनी एकट्यानं काम घेतलं. एवढं तापट माणूस, पण गिऱ्हाईकाला 'थांबा' म्हणायची त्यांना लाज वाटली. गावातले निम्मे फाळ काळ्या रानात मोडले. लोक चिडले. शेजारच्या गावचा लोहार टपलेलाच होता, हाताखाली दोन तरणे मुलगे घेऊन. शेवटी गावानं ठरवलं, पाडव्याला दोघांनी आमच्याच भट्टीवर एकेक कुऱ्हाड करायची आणि बाभळीच्या गाठीवर चालवून दाखवायची. ज्याची टिकेल, गाव त्याचं. गाव गेलं असतं तर सुगीत मिळणारं बलुत्याचं धान्य गेलं असतं आणि राहतं घरही, कारण ती जागा गावाची होती. पन्नाशीचा, डोळे गेलेला लोहार कुठं जाणार होता?

पाडव्याच्या आदल्या दिवशी आई बाजूला बसली.

मी रडलेच. रंग मलाही दिसायचे, पण नेमका क्षण आईलाच कळायचा. आई मात्र घरामागच्या परड्यात लिंबाखाली घोंगडी टाकून बसली आणि मला म्हणाली, "तू रडू नगंस, पोटात लेकरू हाय." वडिलांनी पाडव्याच्या सकाळी तिला तिथं बसलेलं पाहिलं आणि मान खाली घालून ते भट्टी पेटवायला गेले. ओल्या कोळशाचं कारण त्या दिवशी चालणार नव्हतं.

माणसं जमली. आधी दुसऱ्या लोहारानं कुऱ्हाड केली. हात चांगला होता त्याचा, उगाच खोटं का बोलू? मग वडील बसले. पाटलाच्या गड्यानं घण घेतला. ठोकण्यात वडिलांना डोळे लागत नव्हते, पातं बघता बघता उतरलं. आता पाणी द्यायचं राहिलं. मी आईपासून हातभर लांब बसून आतले आवाज ऐकत होते. ते एकाएकी थांबले.

वडील मागच्या दारातून बाहेर आले. भिंतीला धरून आले. आईच्या घोंगडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मला रंग दिसत न्हाय."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आईनंही पहिल्यांदाच. तिनं पदर तोंडाला लावला.

"ठावं हाय की," ती म्हणाली.

"मग चल."

"अवो, मी बाजूला बसलीया."

"त्ये बी ठावं हाय. चल म्हंतो ना."

"ब्याड री," ती कानडीत म्हणाली, नको हो. "ऐरणीला पाप लागंल."

"लागंल त्ये मला लागंल. ऊठ."

ती उठली. शेजारीण परड्याच्या कुडाशी उभी होती. आई का बसली आहे ते तिला कालपासून माहीत होतं. तिनं एक शब्द काढला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. ती आमच्याकडं बघत राहिली आणि मग घागर उचलून निघून गेली. त्या बाईला मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आईनं गड्याच्या हातून घण घेतला. लोकांना त्यात नवल वाटलं नाही, तिला रोजच घणावर बघत होते. मी दाराआडून पाहिलं. वडिलांनी धार परत तापवली, पातं बुडवलं, काढलं, घासलं आणि समोर धरलं. आई पात्याकडं वाकली. मग घण टेकला.

बाभळीच्या गाठीवर दोन्ही कुऱ्हाडी टिकल्या. दुसऱ्याच्या धारेला एक बारीकशी खूण पडली म्हणतात, पण मी ती पाहिली नाही. पाटलांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाय त्येच चालू द्या. हितलं मानूस हितंच बरं." माणसं पांगली. दुसरा लोहार जाताना वडिलांच्या पाया पडून गेला.

आई घण ठेवून सरळ परड्यात गेली आणि पुन्हा घोंगडीवर बसली. तिचे अजून दोन दिवस राहिले होते. तिला वाटलं, आता घरावर काहीतरी येणार, माझ्या बाळंतपणावर येणार. ती अंग आखडून बसली होती, जेवायला बोलावलं तरी नको म्हणत होती. मी तिच्यापुढं लांबूनच ताट सरकवलं. पाडव्याची पुरणपोळी होती.

वडील आतून स्वतःचं ताट घेऊन आले. चाचपडत घोंगडीची कड शोधली आणि त्या कडेवरच टेकले.

"अवो, शिवलं की!" आई ओरडली.

वडिलांनी पोळी मोडली. आईनं त्यांच्याकडं रागानं बघितलं. मग तिनं थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.