अडीचच्या वर

न्या लिदुविना (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'न्या' म्हणतात) हिरव्या जर्स्या उलट्या करून वाळत घालतात. उन्हाने रंग उडायचाच असेल तर तो आतल्या बाजूचा उडावा, क्रमांकाचा नव्हे, असा त्यांचा दंडक आहे. आमच्या इबिराती गावातल्या तेनिएन्ते फुटबॉल क्लबाच्या जर्स्या त्या तरुणपणी विधवा झाल्या तेव्हापासून धूत आल्या आहेत. तेवढ्या अवधीत क्लबाचे अध्यक्ष बदलले, मैदान बदलले, एकदा तर हिरव्याची छटाही बदलली. दंडक मात्र बदलला नाही. मी त्यांचा समोरचा शेजारी. येथील शाळेत गणित शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्याने नियमाने वागणाऱ्या माणसाविषयी मला स्वाभाविक आदर वाटतो.

जर्सी पिळता पिळता त्या खेळाडूचे मूल्यमापनही करतात.

"हा चार नंबरवाला बघा, मास्तर. पाठ चिखलानं भरलीय आणि काखेत घामाचा थेंब नाही. पोरगा धावत नाही, नुसता लोळतो."

त्या पोराची आई पलीकडच्या अंगणात असते हे ठाऊक असल्यामुळे हा निकाल त्या जरा चढ्या आवाजात देतात.

त्यांची लेक ब्वेनोस आइरेसला असते. गावात त्यांचे रक्ताचे माणूस एकच, धाकटा भाऊ क्रिस्पीन. आई लवकर गेली, तेव्हा त्याला कडेवर घेऊनच लिदुविना नदीवर धुणी न्यायच्या. तो मोठा झाला, तेनिएन्तेकडून डावीकडून आघाडीला खेळू लागला, आणि त्याची अकरा नंबरची जर्सी वेगळ्या बादलीत भिजू लागली. पुढे त्याने एस्त्रेया क्लबाच्या, म्हणजे पिवळ्यांच्या, खजिनदाराची मुलगी केली. आणि त्यानंतरच्याच हंगामात पिवळी जर्सी घालून हिरव्यांवर गोल मारला.

लिदुविनांनी आकांडतांडव केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या घरांमधल्या कुंपणावर त्यांनी बैलाच्या शिंगाचा एक नवा पेला ठेवला आणि "हा तुझा" एवढेच म्हणाल्या. आमच्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही समजतो. तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला आमचा कडवट पानांचा चहा, एकाच शिंगातून, एकाच नळीने, आळीपाळीने प्यायचा असतो. वेगळे शिंग आम्ही वाटेवरच्या अनोळखी माणसाच्याही हाती देत नाही.

तेव्हापासून बहीणभाऊ रोज कुंपणाशी उभे राहून कोंबड्यांविषयी, पावसाविषयी, नातवंडांविषयी सविस्तर बोलत. मात्र ज्याच्या त्याच्या हातात ज्याचे त्याचे शिंग.

यंदा क्रिस्पीनची बायको वारली आणि एन्कार्नासिओन शहरात राहणाऱ्या लेकीने त्याला कायमचे बोलावून घेतले. हिरव्या-पिवळ्यांचा वार्षिक सामना पाहायचा आणि सोमवारच्या बसने निघायचे, असे ठरले. त्याच सुमारास माझ्या लक्षात आले की लिदुविना रोज सकाळी खलबत्त्यात तेरेरेसाठी पुदिना कुटतात तो दोघांपुरता असतो. स्वतःपुरता घेऊन उरलेला त्या लिंबाच्या बुंध्याशी ओतत.

"लिंबाला पुदिना कशाला?" मी विचारले.

"लिंबाला पित्त झालंय," त्या म्हणाल्या, आणि खलबत्ता घेऊन आत गेल्या.

स्वतःहून बोलवायचे त्यांना जमेना, आणि आपणहून मागायचे क्रिस्पीनला जमेना. दोघेही एकाच आईची मुले.

आता पैजेविषयी सांगितले पाहिजे. आमच्या गावात या सामन्यावर मांसाची पैज लागते: प्रत्येकाने फासळ्यांचा आपला वाटा आगाऊ आणून द्यायचा, जिंकणाऱ्यांनी न्या पास्तोराच्या दुकानामागे आंब्याखाली एका लांब टेबलावर बसून खायचे आणि हरणाऱ्यांनी लाकडे फोडून, मान्दिओकाचे कंद सोलून त्यांना रांधून वाढायचे. पूर्वी पैज 'कोण जिंकणार' अशी असे. परिणामी एका टेबलावर केवळ हिरवे किंवा केवळ पिवळे बसत, आणि विस्तवाशी उभ्या असलेल्यांच्या हातात सुऱ्या असत. गेल्या वर्षी पास्तोराच्या खुर्च्या मोडल्या. म्हणून यंदा राजधानीतल्या मोठ्या सामन्यांवर लोक लावतात तशी पैज तिने लावली. दाराशी पाटी टांगली: एका बाजूला 'अडीचच्या वर', दुसऱ्या बाजूला 'अडीचच्या खाली'.

क्रिस्पीनने पहिल्याच दिवशी 'वर'च्या बाजूला नाव घातले. "जाण्याआधी गोल बघायचेत," तो कुंपणाशी उभा राहून मला म्हणाला. "कुणाचे का असेनात." लिदुविना पलीकडे जर्सी पिळत होत्या. त्यांनी ती आणखी एकदा पिळली.

संध्याकाळी त्या माझ्या ओसरीवर आल्या.

"मास्तर, हा अर्धा गोल कोण मारतं हो?"

"कोणीच नाही."

"मग पास्तोरानं अडीच का लिहिलंय? तिला चढली होती का?"

मी त्यांना बसावयास सांगितले. "समजा, तिने दोन लिहिले असते आणि गोल बरोबर दोनच झाले असते. मग जिंकले कोण? ना हे, ना ते. पुन्हा वाद, पुन्हा खुर्च्या. अडीचवर सामना थांबूच शकत नाही. दोन झाले तर खालचे जिंकले, तीन झाले तर वरचे. मधे लोंबकळत कोणी राहत नाही."

"हां. म्हणजे आमच्या पोरांनी तीन मारायचे."

"दोन्ही संघांनी मिळून. तीन-शून्य झाले तरी तीन, आणि दोन-एक झाले तरी तीनच."

त्या ताडकन उठल्या. "त्यांचा गोल माझ्या पदरात? मास्तर, मी माझ्या बादलीत पिवळा रुमालसुद्धा बुडवत नाही!"

"बेरजेला रंग नसतो, न्या लिदुविना."

"मग तुमची बेरीजच चुकतेय." पायरी उतरताना त्या वळल्या. "पास्तोराला सांगते, मला वर लिही म्हणून. पण तिन्ही आमचीच पोरं मारतील. त्यांचा एक नको मला, ओवाळून दिला तरी."

मी स्वतः 'खाली'च्या बाजूला नाव घातले. या सामन्यात दोन्ही संघ हरण्याच्या भीतीने आपापल्या गोलाशी पाठ टेकून उभे राहतात, हे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण. विचार योग्य होता असे मला अजूनही वाटते.

रविवारी मात्र हिरव्यांनी मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले. लिदुविना दोरीशी उभ्या होत्या. समोरच्या कडेला पिवळ्यांच्या गर्दीत क्रिस्पीनची गवती टोपी दिसत होती. मध्यंतरानंतर आमची पोरे मागे सरली ती सरलीच.

"पुढे व्हा रे, बैलांनो! दोनावर पोट भरलं का तुमचं?"

"न्या लिदू, जिंकतोय की आपण," चार नंबरवाल्याची आई म्हणाली. "ओरडता कशाला?"

"तू तुझ्या पोराला उठव आधी. पुन्हा आडवा झालाय."

सामना संपत आला आणि त्याच चार नंबरवाल्याने पिवळ्यांच्या एका खेळाडूला गोलासमोर पाडले. पंचाने पेनल्टी दिली. हिरव्यांच्या बाजूने शिव्यांचा कल्लोळ उठला. लिदुविनांचा आवाज त्यात नव्हता. त्यांनी एप्रनची कड मुठीत धरली होती आणि त्या चेंडूकडे पाहत नव्हत्या. समोरच्या गवती टोपीकडे पाहत होत्या.

चेंडू जाळ्यात गेला. हिरव्यांची अख्खी कड चिडीचूप झाली, आणि त्या शांततेत एकट्या लिदुविनांचे दोन्ही हात आकाशाकडे गेले.

"गोल!"

"न्या लिदू!" चार नंबरवाल्याची आई किंचाळली. "डोळ्यांत साबण गेला का? तो त्यांचा गोल!"

"दिसतंय मला. तीन झाले."

"तीन कसले?"

"बेरीज कर, बये. नाहीतर मास्तरांना विचार."

लोकांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. दुसरे काय करणार? सामना दोन-एक असा हिरव्यांनीच जिंकला, म्हणून लिदुविनांना बहुतेकांनी क्षमा केली.

आंब्याखालच्या टेबलावर हिरवे आणि पिवळे यंदा प्रथमच मिसळून बसले. मांस भाजून होईपर्यंत तेरेरे ओतण्याचा मान सर्वांत वडील व्यक्तीचा, म्हणून शिंग आणि बर्फाच्या पाण्याचा जग लिदुविनांपुढे आला. क्रिस्पीन त्यांच्या शेजारच्या मोकळ्या खुर्चीवर बसला. सवयीने त्याने पिशवीतून स्वतःचे शिंग काढून टेबलावर ठेवले. मी विस्तवाशी मान्दिओका सोलत होतो. माझी सुरी थांबली.

"हे काय आणलंस?" लिदुविनांनी विचारले.

"माझं शिंग, ताई. तूच दिलेलं."

"दे इकडं."

त्यांनी ते घेतले, आत फुंकर मारली, जाड मिठाची वाटी त्यात रिती केली आणि टेबलाच्या मधोमध ठेवून दिले. "मांसाला लागेल. एवढ्याच कामाचं आहे ते."

मग टेबलावरचे शिंग त्यांनी भरले, रिवाजाप्रमाणे पहिले स्वतः प्यायल्या, पुन्हा भरले आणि भावापुढे धरले.

"घे. तुमच्या लोकांनी मारला तो गोल काही वाईट नव्हता."

"आमच्या वेळेला याहून चांगले मारायचो."

"माहीत आहे. एक मी पाहिलाय."

क्रिस्पीन हसता हसता ठसकला. आमच्याकडे पुरे झाले की शिंग परत देताना 'आभारी आहे' म्हणतात. तो शब्द उच्चारला की ओतणारा पुढच्या फेरीत त्या माणसाला वगळतो. टेबलावरचे एकेक जण आभार मानून मांसाकडे वळले. क्रिस्पीनने शिंग दर वेळी मुकाट्याने परत दिले, आणि लिदुविना ते भरत राहिल्या. माझ्या डोळ्यांत धूर जात होता, हात कंदांच्या चिकाने माखले होते, आणि हरल्याचे मला तसूभरही दुःख नव्हते.

सोमवारी बस थांब्यावर त्या आल्या. सुकवलेल्या पुदिन्याची भरगच्च पुरचुंडी त्यांनी खिडकीतून आत सारली.

"ताई, आभा..."

"म्हणू नकोस!" त्या एवढ्या जोराने ओरडल्या की वाहकाने घंटीवरचा हात मागे घेतला. क्रिस्पीनने ओठ मिटले आणि पुरचुंडी मांडीवर घेतली. बस सुटली.

परतताना त्यांनी मला विचारले, पास्तोरा पुढच्या वर्षी साडेतीन लिहील का.

"का बरे?"

"सामन्याला येणार आहे तो. पण आमच्या पोरांकडून तीनच्या वर काही होत नाही बघा. त्यांनाही थोडं मारावं लागेल."