धुरळाशेठ

धूळ नसलेला बैल पडद्यावर दिसला की धुरळाशेठ विचारायचा, "ह्यो आजारी हाय का?"

ओतूरच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात तो बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ बनवायचा. शर्यतबंदी उठल्यापासून आमच्या जुन्नर-आंबेगावात प्रत्येक गाडामालकाला आपल्या बैलाचा व्हिडिओ हवा असतो. आधी अंधार, मग बैलाचे डोळे, मग खुरांखालून उसळणारा धुरळा आणि त्यातून बाहेर येणारं बैलाचं नाव. तो धुरळा खरा नसायचा. एका परदेशी कंपनीचं प्लगिन, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटासा तुकडा, तो उडवून द्यायचं. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, खरी धूळ ढिगाने, पण कॅमेऱ्यात ती फिकी पडते. प्लगिनची धूळ मात्र लग्नातल्या करवलीसारखी. कॅमेरा दिसला की पुढे.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "धुरळा उडल्याबिगर मानूस आल्यासारखा वाटत न्हाई." हे तत्त्व त्याने बैलांपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. नवरदेवाच्या एन्ट्रीला धुरळा, सरपंचाच्या वाढदिवसाला धुरळा. बाजारपेठेतल्या कापड दुकानाच्या जाहिरातीत त्याने साड्यांच्या मागूनही धुरळा काढला. शेठजींनी शांतपणे विचारलं, "भाऊ, आता या धुऊन विकू का?" धुरळाशेठ पुन्हा कामाला बसला आणि मोठ्या मनाने धुरळ्याचा रंग गुलाबी करून दिला.

इंग्रजीशी त्याचं वैर. प्लगिन घेतलं तेव्हा मी त्याच्याच गाळ्यात कामाला होतो, म्हणून नोंदणीला माझा ईमेल दिला. मला तो मास्तर म्हणायचा. "मास्तर, विंग्रजी तू बघ, बैल मी बघतो." पुढे मी बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं व्हिडिओचं दुकान टाकलं, तेव्हा नारळ त्यानेच फोडला. ईमेल बदलायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता जे सांगायचं टाळत आलो ते सांगतो. त्या ईमेलवर एक दिवस कंपनीचं पत्र आलं. प्लगिन बंद होतंय, सर्व्हरही बंद होणार; ज्यांनी ते विकत घेतलंय त्यांनी महिन्याच्या आत कायमची 'की', म्हणजे प्लगिन उघडायचा कोड, घ्यावी, ती एकाच मशीनवर चालेल. एकच. माझी गिऱ्हाइकं तेव्हा 'धुरळा पायजे' म्हणत त्याच्याकडे जात होती. मी की घेतली आणि माझ्या मशीनवर टाकली. त्याचं तर चालूच आहे की, अशी मी माझी समजूत घातली. मला पटायला फार वेळ लागला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, यात्रांच्या ऐन हंगामात, त्याची हार्ड डिस्क गेली. सगळं नव्याने टाकलं, तर प्लगिन परवानगीसाठी सर्व्हर शोधत बसलं आणि सर्व्हरचा बाजार केव्हाच उठलेला. तो माझ्याकडे धावत आला. "मास्तर, मपला धुरळा गेला रे!" घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज. मग त्याची नजर माझ्या पडद्यावर गेली.

"मंग तुपला कसा उडतोय?"

"हे दुसरं सॉफ्टवेअर आहे, शेठ."

"नाव सांग की त्याचं."

मी सांगितलं. तोंडाला आलं ते.

ते नाव लग्नात गुलाबाच्या पाकळ्या पाडणाऱ्या सॉफ्टवेअरचं होतं. आठवडाभर त्या पाकळ्यांना मातीचा रंग देऊन तो परत आला. मी दुसरं नाव सांगितलं. त्याच्या फुकटच्या ट्रायलमध्ये बैलाच्या कपाळावर कंपनीचं नाव आडवं यायचं, मालक म्हणाला, "आमचा बैल इकलात का काय?" मग धुरळाशेठ एआयकडे गेला. एआयने धुरळा झकास दिला, सोबत बैलाला पाचवा पायही दिला. निरगुडसरचा मालक व्हिडिओ बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तसाच, राव. चार पायांवर तर नंबर येत न्हाई." लोक हसले, तोही हसला. पण मालक एकेक करून माझ्या दुकानात येऊ लागले, आणि मी त्यांना चहा पाजत होतो.

मग तो महिनाभर दिसलाच नाही. पिंपळवंडीला त्याच्या घरी गेलो तर गोठ्यामागे काळी घोंगडी टांगलेली, बाजूला टेबलफॅन, आणि हा पाटीतली माती मूठमूठ फेकून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपतोय. वहिनी म्हणाल्या, "बघा भावजी, रानातली माती वाऱ्यावर उधळत्यात." एक फुकटचं सॉफ्टवेअर त्याने स्वतःच शोधलं होतं, ते मागचं काळं गाळून नुसती धूळ ठेवायचं. भिंतीला ओळीने पिशव्या, प्रत्येकीवर एकेका घाटाचं नाव. ज्या घाटाची शर्यत, त्याच घाटाची माती. मालक व्हिडिओ बघून मांडीवर थाप मारायचे, "ही आमची माती!" माझ्याकडे आलेले सगळे त्याच्याकडे परत गेले.

एक दिवस दुपारी तो माझ्या दुकानात आला आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात सगळ्या घाटांचा धुरळा. "तुपलं बी सॉफ्टवेअर उद्या बंद पडंल. ठिव."

तेव्हा मी बोललो. पत्र, की, खोटी नावं, सगळं.

त्याने माझ्या पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "चालू कर." मी प्लगिन चालू केलं. खुर्ची पुढे ओढून त्याने तोच धुरळा तीनदा उडवायला लावला, आणि खो खो हसत सुटला. "लई बोगस हाय रे! पिठाच्या गिरणीतला वाटतोय. ह्याच्यापायी मी येडा झालो व्हतो?"

सुटलो, असं वाटून मीही हसलो. त्याचं हसू तिथेच थांबलं.

"आन मास्तर, ह्याच्यापायी तू मला पाकळ्या रंगवत बसवलंस?"

पेन ड्राइव्ह टेबलावर तसाच ठेवून तो गेला. पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. बाजारात समोर आला तर मान हलवतो, तेवढंच.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक नवा मालक व्हिडिओ न्यायला आला. बघून झाल्यावर म्हणाला, "ही कुठल्या घाटाची माती?"

"कुठल्याच नाही," मी म्हणालो. "माती पाहिजे असेल तर स्टँडसमोर जा."