चार बोटं खाली बसलेला खिसा

सुभेदार आप्पांनी जॅकेट अंगावर चढवलं, पुढच्या मोठ्या खिशावर हात ठेवला आणि मला विचारलं, "सुमन, ह्ये छातीसाठी शिवलंयस का पोटासाठी?"

मी मशीनवर होते. मला वाटलं चेष्टा करतायत. आप्पा फौजेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. शहापुरात आमच्या दुकानापासून चार घरं सोडून राहतात. पँटची कंबर सैल करून घ्यायला आले होते. हँगरवरचं जॅकेट बघून त्यांना राहवलं नाही.

"माप बघूनच शिवलंय, आप्पा," मी म्हटलं.

"मग माप चुकलंय. हितं बघ." त्यांनी गळ्याखाली दोन हाडं मिळतात तिथल्या खळग्यात बोट ठेवलं. "प्लेटीचं वरचं टोक हितवर पायजे. तुझं चार बोटं खाली हाय. काळजाचा वरचा भाग उघडा पडतोय की गं."

मी पाय थांबवला. मशीन थांबलं. आप्पांच्या अंगावर होतं ते दुसरं जॅकेट, संतोषच्या मित्राचं. तसंच, त्याच पद्धतीनं शिवलेलं पहिलं जॅकेट संतोष सकाळीच घेऊन गेला होता. आणि त्याची गाडी संध्याकाळची होती.

संतोष कडोलीचा. फौजेत आहे, वर उत्तरेकडं कुठंतरी त्याची पोस्ट. तीन दिवसांपूर्वी तो त्याच्याच युनिटमधल्या एका मित्राला घेऊन दुकानात आला. दोघांच्या हातात एकेक पिशवी. पिशवीत बाहेरून, स्वतः विकत मागवलेलं जॅकेट.

हे जॅकेट म्हणजे गोळी अडवणारं नव्हे. हे नुसतं कव्हर. गोळी अडवते ती आतली प्लेट. पाटीसारखी कडक, जड आणि थोडी बाक दिलेली. प्लेट सरकारी, ती घरी आणता येत नाही. कव्हर मात्र ह्यांनी आपलं घेतलं होतं.

"सरकार देत न्हाय?" मी खाली बघतच विचारलं. मला गिऱ्हाइकाशी, त्यातून पुरुष माणसाशी बोलायची सवय नाही.

"देतंय की, आक्का. पण सगळ्यांना एकच साइज. मी हा एवढासा. आडवं पडून बंदूक लावली की जॅकेट वर सरकतंय आणि हनवटीला लागतंय. हेल्मेट डोळ्यावर येतंय. म्होरं कोण हाय ते दिसायला तर पायजे न्हवं?"

मित्र म्हणाला, "ह्याला जॅकेट घातल्यावर बघा तुम्ही. कासव चाललंय असं वाटतंय."

विकत घेतलेलं कव्हर संतोषच्या अंगाला नीट बसत होतं. अडचण एकच. त्याचा खिसा लहान आणि सरकारी प्लेट मोठी. म्हणून खिसा काढून नवा शिवायचा होता. प्लेटीचं माप म्हणून दोघांनी युनिटमध्येच ती एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून, पेनानं आखून, तेवढा पुठ्ठा कापून आणला होता.

आमच्या दुकानात पुरुषांची मापं मालक घेतात. म्हणजे आमचे हे. ते टेप लावून आकडे सांगतात आणि मी आतल्या बाजूला बसून वहीत लिहिते. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यामुळं एवढं लिहिता येतं. पण त्या आठवड्यात मालक निपाणीला गेले होते. तिथल्या एका शाळेच्या युनिफॉर्मची मापं घ्यायचं काम मिळालं होतं. ते नसले की मी पुरुषाच्या अंगाला टेप लावत नाही. अंगाला बसणारा एक कपडा मागून घेते आणि त्यावरून शिवते. त्याला आम्ही नमुना म्हणतो. आजवर नमुन्यावरून शिवलेलं काही परत आलेलं नाही.

संतोषकडूनही मी नमुना मागितला. त्यानं वर्दीचा शर्ट आणून दिला. वर्दीच्या शर्टाला छातीवर दोन खिसे असतात. मी त्या खिशांच्या वरच्या कडेला रेघ मारली आणि प्लेटीचा नवा खिसा त्याच रेघेला धरून बसवला. शिंप्याच्या नजरेला ते बरोबरच दिसतं. खिसा म्हटला की तो खिशाच्या जागी.

सकाळी संतोषनं पुठ्ठा आत घालून आरशासमोर बघितलं. "झकास बसलंय, आक्का," म्हणाला आणि गेला.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"पुठ्ठ्याला वजन असतंय व्हय? प्लेट घातली की ह्ये आणि खाली वढणार. पोरगं नवीन असंल, त्याला कळलं न्हाय. आणि कशाला बाहेरचं आणायचं म्हणतो मी? आमच्या टायमाला दिलं ते घालून..." एवढं बोलून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे आमीबी हेल्मेटात टॉवेल कोंबायचोच म्हणा. न्हायतर मान हलवली की हेल्मेट एकीकडं आन डोस्कं एकीकडं."

मी मालकांना फोन लावला.

"अगं, पट्टा वढून घेईल की तो," ते म्हणाले. मागं पोरांचा गलका चालला होता.

"पट्टा शेवटपर्यंत वढलेला हाय. खिसाच उसवायला पायजे."

"मग त्याला फोन कर. वहीत नंबर असंल की."

संतोषचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तीनदा लावला. आप्पांना म्हटलं, तुम्ही जाता का कडोलीला?

"मी जाऊन काय करू? भाषण? उसवणार कोण आणि शिवणार कोण?"

बरोबर होतं ते. मी जाड सुया, नायलॉनचा दोरा, उसवायची सुरी, दाभण आणि मेण पिशवीत टाकलं. दुकानाचं शटर ओढलं. गिऱ्हाइकाच्या घरी एकटी मी कधी गेले नव्हते. बसमध्ये बसल्यावर काय बोलायचं ते मनात चार वेळा म्हणून बघितलं. दर वेळी निराळंच व्हायचं.

कडोलीत उतरून पारावर बसलेल्या माणसांना विचारलं, "मिलट्रीतल्या संतोषचं घर कुठलं?"

"कुठला संतोष? चौघं हायत मिलट्रीत."

"आज जाणारा."

"आज दोघं जाणार हायत."

"बुटका," मी म्हटलं, आणि माझं मलाच वाईट वाटलं. पण घर लगेच सापडलं.

घरात पाहुणे होते. संतोषची आई चुलीपुढं बसून वाटेत खायला दशम्या करत होती. पत्र्याची ट्रंक भरून, दोरी बांधून दाराशी ठेवलेली. संतोषनं मला बघितलं आणि तो एकदम उठला.

"आक्का? तुमी कशा काय?"

पाठ केलेलं सगळं विसरलं. मी सरळच बोलले. "माझं चुकलंय. जॅकेटाचा खिसा खाली बसलाय. प्लेट काळजावर येत न्हाय. काढून द्या, आत्ता करून देते."

संतोषनं मला डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. आईचा हात तव्यावरच थांबला.

"कसलं जॅकेट?" तिनं विचारलं. "काळजावर काय येत न्हाय?"

त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. थंडीचं जाकीट आहे म्हणून ट्रंकेत तळाशी घातलं होतं. आता त्याला सांगावं लागलं. आई ऐकत राहिली. पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "सरकार एवढं बी देत न्हाय?"

"देतंय, मामा. चांगलं देतंय. मला बसत न्हाय, एवढंच."

"मग सायबाला सांगायचं."

"सांगितलंय. लहान साइज मागवलीया. येईपतोर कोण थांबतंय?"

आई उठली. मला वाटलं, आता रडणार. तिनं ट्रंकेची दोरी सोडली, लाडवाचा डबा बाजूला काढला, कपडे पाहुण्यांच्या मांडीवर ठेवले आणि तळातून जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. "काय लागंल ते सांगा, बाई."

मशीन लागणार होतं. शेजारी एका घरात ब्लाऊज शिवायचं साधं मशीन होतं, ते दोघांनी उचलून आणून सोप्यात ठेवलं. मी उसवायला घेतलं. उसवणं हे शिवण्यापेक्षा वेळखाऊ. घाई केली तर कापड फाटतं आणि एकदा फाटलं की त्या जागेला पुन्हा शिवण धरत नाही. बाहेर कुणीतरी सारखं किती वाजले ते सांगत होतं. त्याला आईनंच गप्प बसवलं.

खिसा सुटला. आता माप. ह्या वेळी नमुना नव्हता, माणूस समोर होता. मी टेप हातात घेऊन उभी राहिले. संतोषही अवघडला. सोप्यात सगळे बघत होते. "शर्टाचं वरचं बटण काढा," मी म्हटलं आणि त्याच्या गळ्याखालच्या खळग्यावर बोट टेकवलं. ठोका लागत होता बोटाला. तिथं खडूची खूण केली आणि तिथून खाली पुठ्ठा धरला.

मग वजनाचं आठवलं. "प्लेट केवढ्याची असती?"

"असंल तीन-साडेतीन किलोची."

आई आत गेली आणि तराजूवर साडेतीन किलो जोंधळा मोजून, पिशवीत बांधून घेऊन आली. पिशवी चापून चपटी केली, पुठ्ठ्याला बांधली आणि टाचलेल्या खिशात घातली. टाचणं म्हणजे मोठे कच्चे टाके, फक्त जागा बघण्यापुरते. संतोषनं जॅकेट घातलं. खिसा खळग्यापासून दीड बोट खाली उतरला. म्हणजे दीड बोट आणखी वर घ्यायचा. हे पुठ्ठ्यानं कधीच सांगितलं नसतं.

"आता आडवं पड," आई म्हणाली.

"आये, पाहुण्यांत?"

"पड म्हणते न्हवं."

तो सोप्यात पालथा पडला, हातात काठी घेऊन बंदुकीसारखी धरली. हनवटीला काही लागलं नाही. मामा म्हणाले, "दुश्मन दिसतोय का बघ." सगळे हसले. आई हसली नाही. तिनं वाकून त्याची हनवट आणि जॅकेट यांच्यात हात घालून बघितला.

शिवताना साध्या मशीनला ते जाड कापड ओढेना. पायानं मारलं की सुई अडकायची. दोन सुया मोडल्या. शेवटी आई मशीनचं चाक हातानं फिरवायला बसली. मी पुढून कापड सरकवायचं आणि तिनं एकेक टाका फिरवायचा. "फिरवा" म्हटलं की एक फेरा. चारी कोपरे मात्र मशीननं होईनात. ते मी दाभणानं भोक पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं हातानं शिवले, दुहेरी. बोटं सोलली. शेवटची गाठ मारली तेव्हा संतोषला न्यायला आलेली गाडी दारात उभी होती.

पुन्हा जोंधळा घालून बघितलं. वरची कड खळग्याला लागून. आईनं स्वतः बोट ठेवून बघितलं, मग बाजूला झाली.

त्यानंतर, सुट्टी अजून शिल्लक असलेल्या त्याच्या मित्राला दुकानात बोलावून घेतलं आणि त्याचंही जॅकेट उसवून नीट केलं. तोवर मालक निपाणीहून आले होते. त्यांनी दोन्ही जॅकेटांची हकीकत ऐकली आणि एवढंच म्हणाले, "मला वाटलं पट्ट्यावर भागंल." ते जास्त बोलत नाहीत.

काही आठवड्यांनी संतोषचा फोन आला. प्लेट बरोबर बसते म्हणाला. साहेबांनी बाहेरचं जॅकेट बघून आधी झापलं, मग आत बोट घालून बघितलं आणि लहान साइज येईपर्यंत वापर म्हणाले. इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र सरकारीच घालायचं. "कासवाचं," तो म्हणाला.

अशी कामं आता अधूनमधून येतात. सुट्टीवर आलेली पोरं गुडघ्याचे पॅड, हेल्मेटच्या आतल्या गाद्या, पट्टे घेऊन येतात. सगळं स्वतः विकत घेतलेलं. मी टेप लावते, वजन घालून बघते आणि आडवं पडायला सांगते. दुकानात जागा कमी, त्यामुळं पाय बाहेर रस्त्यावर येतात. लाजतात, पण पडतात.

ब्लाऊज बिघडला तर बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभी असते. चार शब्द सुनावते, आपण उसवून देतो, भागतं. ह्या जॅकेटाचं तसं नाही. ते चुकलं असेल तर तक्रार घेऊन येणारं कुणी नसतं. म्हणून ह्या कामात गिऱ्हाईक परत आलं नाही, तर ते बरं शिवलं गेलं असं मी धरून चालत नाही.