मधल्या खुर्चीवरची विनी

हॅरोशॉ गावच्या बँडमध्ये विनी अर्नशॉ हॉर्न वाजवायला लागली ती बापामुळे. बापाला मुलगा हवा होता आणि त्या मुलाने कॉर्नेट वाजवायला हवं होतं. झाल्या दोन्ही मुली. थोरली हिल्डा वाद्याला हात लावेना, म्हणून धाकटीच्या मांडीवर हॉर्न आला, तोही बँडच्या खोलीत कुणाला नको म्हणून पडून होता. कॉर्नेटवाले सूर घेऊन मिरवायचे, मागची जाडजूड वाद्यं जमीन हादरवायची, आणि हॉर्नवाले मध्ये बसून पूं-पूं, पूं-पूं. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर बटाटे सोलून विनी संध्याकाळी तालमीला यायची आणि पूं-पूं करून घरी जायची. त्यात तिचा अर्धा जन्म गेला. तिला ते आवडायचंही. तिच्या डोक्याला ताप होता तो शेजारच्या दोन खुर्च्यांचा.

डावीकडे नॉर्मन. तो दिवसभर घरोघर कोळशाची पोती टाकायचा आणि तालमीत आपली पाळी येईपर्यंत झोपायचा. "कुठं आलो?" एवढंच विचारायचा, आणि विनीने बोट ठेवून दाखवायचं. उजवीकडे, पहिल्या खुर्चीवर, हिल्डाचा नवरा क्लिफर्ड साइक्स. हॉर्नला एकट्याने वाजवायचं जे काही असेल ते क्लिफर्डचं. तो विनीला अजून "पोरी" म्हणायचा, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी. हॉर्नमधलं साचलेलं पाणी नेमकं तिच्या बुटावर सोडायचा आणि वर म्हणायचा, "पाय आवरून बस की जरा."

त्या हिवाळ्यात क्लिफर्डचे दात दुखायला लागले. एकेक काढत बसण्यापेक्षा सगळेच काढून टाकलेले बरे, असं हिल्डाने ठरवलं, आणि हिल्डाने ठरवलं की झालं. नवी कवळी बसवून तो तालमीला आला तेव्हा त्याचं हसू कपाटातल्या नव्या कपबश्यांसारखं चकचकत होतं.

वसंतातल्या स्पर्धेसाठी बँड चालवणाऱ्या लंब मास्तरांनी जी रचना निवडली होती तिच्या मधोमध हॉर्नचा एकट्याचा सूर होता, लांबलचक आणि हळवा. बाकीचा बँड थांबला. क्लिफर्डने हॉर्न ओठाला लावला. आतून फुस्स्‌ करून वारा आला. मग कवळीचा खट्ट आवाज.

विनीला तो सूर पाठ होता. इतकी वर्षं शेजारी बसून त्याचे सगळेच सूर तिला पाठ होते. आपण काय करतोय याचा विचार व्हायच्या आत तिने हॉर्न उचलला आणि वाजवून मोकळी झाली. क्लिफर्डने आपला हॉर्न तोंडापासून हलवलाच नाही. बोटं मात्र बरोबर नाचवत राहिला. संपल्यावर मान डोलावून म्हणाला, "जमलं बुवा."

"काय जमलं?" विनी म्हणाली.

"सूर गं. जरा जड जात होता आधी."

विनी त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस थट्टा करतोय की काय? नाही. तो पाणी सोडत होता, तिच्या बुटावर.

दुसऱ्या दिवशी हिल्डा मागच्या कुंपणाशी आली. "विनी, अगं, स्पर्धेपर्यंत वाजव ना त्याच्याऐवजी. परीक्षकांना कुठं काय दिसतं? ते तर पडद्याआड बसतात."

"आणि त्याने काय करायचं? बोटं नाचवायची?"

"बँड सुटला तर तो रोज संध्याकाळी घरात बसेल गं. माझ्या घरात! तुला कल्पना आहे का?"

विनीला चांगलीच कल्पना होती. भिंतीपलीकडेच तर ती राहायची. ती हो म्हणाली आणि मग आठवडाभर स्वतःलाच शिव्या घालत राहिली.

स्पर्धेच्या दिवशी गावातून बस निघाली. क्लिफर्डने वाटेत पोर्क भरलेली पेस्ट्री खाल्ली, कवळी काढून रुमालात बांधली, उतरताना शोधली, सापडेना म्हणून अर्धी बस खोळंबवली. कवळी नॉर्मनच्या टोपीत निघाली. "कुणी ठेवली इथं?" क्लिफर्ड ओरडला. विनीने टोपी झटकून नॉर्मनच्या हातात दिली.

मंचावर तिने तो सूर वाजवला. चांगला वाजवला. स्वयंपाकघर, बटाटे, बापाचा चेहरा, सगळं त्या वेळेपुरतं मागे पडलं, आणि शेवटचा स्वर सोडताना तिला वाटलं, हा आपला आहे.

बँडला तिसरा क्रमांक मिळाला. त्यानंतर निवेदक म्हणाला, "उत्कृष्ट हॉर्नवादनाचं पदक, हॅरोशॉ बँडची पहिली खुर्ची!"

विनीने क्लिफर्डकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तरी हा कोपराने ढोसेल, 'जा' म्हणेल. क्लिफर्ड उठला, कोटाची बटणं लावली आणि जाऊन पदक घेऊन आला. टाळ्या थांबेनात.

परतीच्या बसमध्ये तो कॉर्नेटवाल्यांना सांगत होता, "सगळं श्वासावर असतं. ओठ काय, दात काय, ते गौण." विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खिडकीकडे तोंड करून बसली. नॉर्मन पुढे वाकून हळूच म्हणाला, "मी जागा होतो बरं का या खेपेला." तेवढाच काय तो दिलासा.

पुढच्या तालमीला लंब मास्तरांनी नवी रचना वाटली. "क्लिफर्ड, तुझ्यासाठी मुद्दाम निवडली. हॉर्नला भरपूर काम आहे." बोलताना ते विनीकडे बघत होते. म्हणजे यांना ठाऊक होतं! समोर उभे राहून रोज बघत होते आणि पदकाच्या लोभाने गप्प बसले होते!

हॉर्नची जागा आली. विनीने हॉर्न मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

फुस्स्‌. खट्ट.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

फुस्स्‌.

"पोरी, अगं वाजव की!" क्लिफर्ड तिच्यावर खेकसला, सगळ्यांसमोर. आणि मग काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले. "कवळी सैल आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कधीची."

"मग सांगायचं होतंस," विनी म्हणाली. "एकदा तरी. निदान मला."

क्लिफर्डने आपली सुरांची वही उचलून तिच्यापुढे ठेवली आणि उठून उभा राहिला. विनी सरकून पहिल्या खुर्चीवर बसली. नॉर्मन आपली जागा सोडायला तयार नव्हता, म्हणून मधली क्लिफर्डला मिळाली. खालचे सोपे स्वर तेवढे त्या कवळीवर निघत होते. विनीला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

मिटतंय कसलं! आता तो प्रत्येक सुराआधी कुजबुजायचा. "श्वास घे, पोरी. खांदे खाली. घाई नको." तिने मास्तरांकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, "अगं, अनुभवी माणूस आहे, ऐकून घे."

उन्हाळ्यात बागेत कार्यक्रम झाला. विनीने मधला सूर वाजवला, लोकांनी टाळ्या दिल्या. वाद्यं आवरताना एक म्हातारी काठी टेकत आली आणि थेट क्लिफर्डला म्हणाली, "काय सुंदर वाजवलात हो हॉर्न!"

क्लिफर्डने छाती फुगवली.

"मी वाजवला," विनी म्हणाली. इतक्या मोठ्याने की ढोलवालाही वळून बघायला लागला. "तो सूर मी वाजवला, बाई."

"हो का? छान हं." म्हातारीने तिचाही हात दाबला.

"माझ्याच तालमीत तयार झालीय," क्लिफर्ड म्हणाला.

विनीने हॉर्न पेटीत ठेवला, झाकण जरा जोरातच लावलं आणि चहाच्या तंबूकडे निघाली. मागे तो नॉर्मनला सांगत होता, "शेवटच्या ओळीत मात्र घाई केली पोरीने."

घाई झाली होती. तिला वाजवतानाच ते कळलं होतं, आणि म्हणूनच तिचा संताप चहा पिऊनही उतरेना.