समुद्र नसलेल्या गावी बोट घेऊन

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि दिवाळी नुकतीच उरकली होती, तेव्हा आम्ही आमची बोट टेम्पोवर चढवली आणि समुद्राकडं पाठ केली. बोट घेऊन माणूस समुद्राकडं जातो. आम्ही निघालो उल्हासनगरला. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळं लिहिण्यात चुका असतील. इंजिनाबद्दल मात्र मी चुकलो नाही. पंख्याचं पुढं सांगतो.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीवर. पोरगा रमाकांत मासेमारीतून बाहेर पडला आणि त्यानं पर्यटकांसाठी फायबरची बोट घेतली. मागं छत्री बांधून माणसाला आभाळात उडवतात ती. तिच्यावर त्याला पेट्रोलचं इंजिन हवं होतं, कारण सगळ्यांची तशीच असतात. मी म्हटलं, माझ्या बोटीत पेट्रोल येणार नाही. त्याची वाफ बोटीच्या पोटात साठून राहते आणि एक ठिणगी पुरते. धक्क्यावर सगळ्यांदेखत मी वाटीत डिझेल घेतलं आणि पेटती काडी त्यात टाकली. काडी फुस्स करून विझली.

"आता कोणी पेट्रोलात टाकून दाखवा," म्हटलं. कोणी पुढं आलं नाही.

"विझायचं ठीक आहे बाबा, पळायचं काय?" रमाकांत म्हणाला. "डिझेल म्हणजे दगड. पर्यटक काय जाळी ओढायला बसणार आहेत?"

"पळवून दाखवतो. डिझेलचं इंजिन आणि माझ्या बापाचा पंखा. बोट उचलली नाही तर सुकाणू तुझं. मी पुन्हा हात लावणार नाही."

उचलणं म्हणजे काय, ते सांगतो. पोरं तळ्यात चपटा दगड फेकून भाकऱ्या काढतात, तशी वेगाची बोट जोरात आली की पाणी कापायचं सोडून पाण्यावर चढते आणि घसरत जाते. नाही चढली तर नुसती पाणी नांगरत राहते. आणि पंखा म्हणजे बोटीच्या बुडाशी पाण्यात फिरून तिला ढकलतो तो. माझ्या बापानं शिडाच्या होडीला पहिलं इंजिन बसवलं, तेव्हाचा हा पितळी पंखा. होडी गेली, बाप गेला, पंखा माझ्या खाटेखाली राहिला.

यमुना, माझी बायको, म्हणाली मीही येणार. माझी भाची वंदना, जी इंजिनं बसवायचं काम करते, बदलापूरला राहते, तिला बघून फार दिवस झाले होते. पंखा यमुनेनं जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसली.

पनवेल सुटल्यावर नाकातला खारा वारा गेला. मलंगगडाचा डोंगर बाजूला दिसायला लागला आणि मला उगाच परक्या मुलखात आल्यासारखं वाटलं.

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनची गल्ली अशी की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी. दोन्ही अंगाला जीन्सच्या पँटींचे गठ्ठे, वर दोरीवर पँटी टांगलेल्या. त्यात आमची बोट शिरली. मागं शेअर रिक्षांची रांग लागली आणि भोंगे सुरू झाले. एक रिक्षावाला बाहेर येऊन म्हणाला, "काका, रस्ता चुकले काय? समंदर उधर है."

"समुद्र घरी ठेवून आलोय. तू तुझी रिक्षा काढ."

"मी कुठून काढू? तुमचा जहाज काढा ना पहिला."

या भांडणात टेम्पो पुढं सरकला आणि बोटीच्या नाकानं एक दोरी ओढली. मोहनशेठच्या दुकानापुढं आम्ही पोचलो तेव्हा बोटीनं पँट घातलेली होती. ज्याची होती तो धावत आला, पँट काढून घेतली, झटकली आणि पुन्हा टांगली. यमुना तोंडाला पदर लावून हसत होती.

मोहनशेठ सिंधी माणूस. अपघातातल्या गाड्यांची इंजिनं विकतो. वंदनानं त्याच्याकडं एक मोटारीचं डिझेल इंजिन हेरून ठेवलं होतं. मी त्याच्याभोवती फिरत होतो तेव्हा तो म्हणाला, "काका, गाडीला पाठून ठोकला. इंजिनला तर बातमी पण नाही मिळाली."

चालू करायला लावलं आणि हात ठेवून उभा राहिलो. आमच्या मच्छीमारी बोटींची इंजिनं म्हणजे खोकणारे म्हातारे. हे लहान, हलकं, आणि कुशीला गोगलगाईसारखा टर्बो. इंजिनाच्या स्वतःच्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि आत जास्तीची हवा कोंबतो. म्हणून हल्लीचं डिझेल दगड राहिलेलं नाही. हे रमाकांतला कोण सांगणार?

मोहनशेठनं दाल पकवान मागवलं. पकवान म्हणजे मोठी कडक पुरी, वर चणाडाळ आणि चिंचेची चटणी. यमुना माझ्या कानाशी म्हणाली, "फुकट खायला घालतोय. इंजिनात खोट असेल."

"मावशी, खोट असली तर मी उपाशी ठेवला असता, लवकर जावं म्हणून," मोहनशेठ म्हणाला. त्याला सगळं ऐकू आलं होतं. यमुनेनं आणखी एक पकवान घेतलं.

इंजिन आणि बोट घेऊन आम्ही अंबरनाथला गेलो. तिथं एमआयडीसीत वंदनाचा स्वतःचा छोटा कारखाना आहे. मोटारीच्या इंजिनाला पुढून वारा लागतो, बोटीत तो नाही. तेव्हा इंजिनातलं गोडं पाणी थंड करायला दुसऱ्या नळ्यांतून बाहेरचं पाणी खेळवायचं, धुराच्या नळीलाही पाण्याची बाही घालायची, असं तिनं सगळं काही दिवसांत करून घेतलं. इंजिनही शेपटीकडून थोडं पुढं सरकवलं. "मागं जड झाली तर उलाळ होईल," मी म्हटलं. उलाळ म्हणजे मागं जास्त भरलेली बैलगाडी, जिचं जू वर जातं.

"तेच म्हणतेय मी मामा," वंदना म्हणाली. तिथपर्यंत आमचं जमलं.

मग मी लुगडं सोडलं. तिनं पंखा हातात घेऊन फिरवून पाहिला. "मामा, हा फार मोठा आहे. आणि पात्यांना पीळ कमी. हा ओझं ओढणारा पंखा, पळणारा नाही."

"मोठा घास, मोठी ताकद. माझ्या बापानं यावर अर्धा दर्या ओढलाय."

"ओढलाय ना? तेच."

मी ऐकलं नाही. पंखा बसवला. दुसऱ्या दिवशी यमुनेच्या हट्टानं अंबरनाथचं शंकराचं जुनं देऊळ पाहिलं. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलाय आणि कुठं फट नाही. यमुनेनं हात जोडले, मी सांधे पाहिले. मुक्काम बदलापूरला, कात्रपमधल्या वंदनाच्या घरी होता. घर मोठं नाही पण गॅलरीतून डोंगर दिसतो. त्या रात्री तिनं सुरमई आणली होती. बर्फातली होती, पण मी तसं म्हटलं नाही. यमुनेनं म्हटलं.

बदलापुरात उल्हास नदी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला अडून राहते, तिथं लांब सरळ पाणी मिळतं. वंदनानं रीतसर विचारून ठेवलं होतं आणि काठावर कुळगावच्या गणपतदादांची जमीन होती. जुन्या शेतकरी घरातला, माझ्याच वयाचा माणूस. बोट पाण्यात उतरायच्या आधी त्यानं वाकून तिच्या पोटात पाहिलं. "नाखवा, ह्ये आमच्या प्यायचं पानी हाय. तेलाचा थेंब नको पडाया."

वंदनानं इंजिनाखाली तेल झेलायला बसवलेली परात दाखवली, तेव्हा तो बाजूला झाला.

मी सुकाणू धरलं, वंदना बाजूला. वेगाचा दट्ट्या पुढं लोटला. बोटीनं नाक वर केलं, इतकं की मला पुढं नदी दिसेना, नुसतं आभाळ. शेपटी खाली बसली, मागून काळाकुट्ट धूर निघाला आणि काठावरच्या म्हशी पळाल्या. बोट नांगरत राहिली. चढली नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

काठाला आल्यावर मी म्हटलं, "गोड्या पाण्यात बोट जास्त बुडते. खाऱ्या पाण्यात उचलेल."

"बुडते मामा, पण एवढी नाही. काळा धूर म्हणजे इंजिनाला पंखा झेपत नाही. दम धरायच्या आधीच पाण्यात अडकतंय."

गणपतदादा म्हणाला, "नाखवा, तुझी बोट आन् माझा रेडा सारखाच. आवाज करतो, जात न्हाय." मला राग आला, कारण खरं होतं.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो नाही. डिझेलवर मी हरलो असं रमाकांतला सांगू? डिझेल हरलंच नव्हतं. हरला होता तो पंखा. वंदना म्हणाली, पळायला पंखा लहान आणि जास्त पिळाचा लागेल. हा कापून चालणार नाही, ओळखीच्या ओतशाळेत नवा ओतून घेऊ. तुमचा घरी घेऊन जा, जपून ठेवा. मी म्हटलं, "बापाचा पंखा नसेल तर बोटीत मी कशाला? गुंडाळा सगळं."

यमुना भांडी पुसत होती. न बघताच म्हणाली, "माझ्या माहेरचा हंडा मोडीत घालून पातेली आणलीत. मी रडले. तेव्हा काय म्हणालात? पितळ काय मरतंय, आज हंडा, उद्या तांब्या."

"ते भांडं होतं."

"आणि हा काय देव आहे? खाटेखालचा देव. झाडताना मलाच लागायचा पायाला." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचे बाप शिडाची होडी सोडून इंजिनावर आले, तेव्हा त्यांच्या बापानं किती दिवस तोंड पाडलं होतं ते तुम्हीच सांगितलंय."

मी उठलो आणि वाढून घेतलं.

नवा पंखा बापाच्याच पितळेचा करायचा ठरला. ओतशाळेत मी एकच अट घातली. पंखा मी फोडणार. घण मागितला. पहिला घाव नीट बसला नाही. दुसऱ्याला पातं तुटलं आणि आत रंग अजून पिवळाधमक होता. तुकडे मुशीत (धातू वितळवायचं भांडं) गेले, लाल झाले, मग पाण्यासारखे हलले. वाळूच्या साच्यात ओतले. दोन दिवसांनी घासूनपुसून हातात आला तो पंखा लहान, पात्यांना पीळ असा की हातात घेतला तर फिरावासा वाटावा. थोडं पितळ उरलं, त्याची ढेप यमुनेनं पिशवीत टाकली. "दाराला लावीन, वाऱ्यानं आपटतं."

पुन्हा नदीवर. गणपतदादा म्हशी आधीच बांधून आला होता. मी दट्ट्या लोटला. नाक वर आलं, मी दात आवळले, आणि मग कोणीतरी खालून हात घालून उचलावं तशी शेपटी वर आली आणि नाक खाली बसलं. आवाज बदलला. धूर नाही. दोन्ही काठ मागं पळायला लागले आणि पाणी बोटीखाली चुरचुरत होतं, कढईतल्या तेलासारखं. वंदना काहीतरी ओरडली, ऐकू आलं नाही. मला इतकंच कळलं की मी हसतोय.

काठाला आल्यावर गणपतदादानं आधी पाण्यावर तेल तरंगतंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "आता रेडा न्हाय."

परत येताना पनवेलच्या पुढं खारा वारा लागला. दिवस कलताना धक्क्यावर पोचलो. मी या वयापर्यंत मुंबई, गोवा सगळं पाहिलं, पण जिथं समुद्र नाही तिथं जाऊन बोट शिकून येईन असं वाटलं नव्हतं. तिकडची माणसं बोलायला तिखट, पण अडलेल्या माणसाला रस्त्यात सोडत नाहीत.

रमाकांतनं वाकून पंखा पाहिला. "हा आजोबांचा नाही."

"आजोबांचंच पितळ आहे."

"पैज पंख्याची होती बाबा, पितळेची नाही. इंजिन तुमचं, पंखा गेला. म्हणजे अर्धी हरलात."

धक्क्यावर सगळे ऐकत होते. मी म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला आम्ही तिघं बोटीत बसलो. कोर्लईच्या टोकापर्यंत मी नेली. बोट चढली, धावली, रमाकांतनं दोनदा मागं वळून धूर शोधला. टोकाशी मी वेग कमी केला, सुकाणू सोडलं आणि पर्यटकांसाठीचं नारिंगी जाकीट अंगात घालून पुढं यमुनेच्या शेजारी जाऊन बसलो. वळताना रमाकांतनं बोट गरजेपेक्षा जास्त तिरपी घातली. मी फक्त जाकिटाचा पट्टा आवळला.