जास्तीची शिल्लक

दिनांक: एप्रिलचा दुसरा रविवार. हजर: अध्यक्ष, सचिव, खजिनदार म्हणजे मी, आणि सोसायटीचे हिशेब लिहिणाऱ्या बाई. गैरहजर: रंगाऱ्याचा चेक.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं खजिनदारपद माझ्याकडे नवीनच आलं होतं. मार्चअखेरचा ताळमेळ लावायला बसले तर बँकेतली शिल्लक आमच्या वहीपेक्षा जास्त. पैसे कमी पडले की सगळे जागे होतात. जास्त निघाले की मी जागी होते. जानेवारीच्या सुरुवातीला रंगाऱ्याच्या नावाने काढलेला चेक वहीत दिलेला दिसत होता, बँकेत वटलेलाच नव्हता. हातात आलेला चेक कोणता रंगारी तीन महिने खिशात ठेवतो?

"चेक गेला कुठे?" अध्यक्षांनी बाईंकडे बघत विचारलं.

"सर, सहीसाठी तुमच्याकडे दिला होता. मीच देतो त्याला, म्हणालात."

"मला आठवत नाही."

"वटला नाही म्हणजे पैसे आपल्याच खात्यात आहेत," मी म्हटलं. "कोणी काही खाल्लेलं नाही."

"आज नाही खाल्लं. उद्याचं काय?" अध्यक्ष सचिवांकडे वळले. "लिहा. चौकशी होईपर्यंत बाईंच्या हातात चेकबुक द्यायचं नाही."

सचिवांनी लिहिलं. बाई विश्रांतवाडीहून बस बदलत येतात. याच गल्लीतल्या आणखी दोन सोसायट्यांचं कामही त्यांच्याकडे आहे. आमचं इतिवृत्त जिन्याखालच्या बोर्डावर लागतं आणि ते आमच्यापेक्षा शेजारचेच जास्त वाचतात. बाई पर्स आवरायला लागल्या.

मी बाई आणि अध्यक्ष, दोघांवरही विश्वास ठेवला नाही. क्रम ठरवला: आधी रंगारी, मग बँक, मग बाई, शेवटी अध्यक्ष. पहिल्याच फोनला काम झालं.

"चेक? बघितलाय की, मॅडम. लांबून," रंगारी म्हणाला. "साहेबांनी दाखवला आणि परत पाकिटात घातला. गच्चीच्या कठड्याला पोपडे आलेत, ते नीट केल्याशिवाय मिळणार नाही म्हणाले."

"मग मला का नाही विचारलं?"

"तुम्हीच तसं सांगितलं असेल त्यांना, असं वाटलं."

म्हणजे तोही माझ्यावर संशय धरून बसला होता. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

संध्याकाळी सचिवांना बरोबर घेऊन अध्यक्षांकडे गेले. साक्षीदार असलेला बरा. अध्यक्षांनी रंगाच्या वॉरंटीच्या फाइलमधून पाकीट काढून दिलं.

"सुरक्षित ठेवला होता."

"कोणापासून? बाईंपासून?"

त्यांनी आत बघून चहा सांगितला.

चेकची मुदत संपलेली होती. जुना रद्द केला, नवा काढला, सह्या घेतल्या. कठड्याचं काम रंगाऱ्याकडून लेखी कबूल करून घेतलं. चेक वटला, ताळमेळ लागला.

"आणि इतिवृत्तातली ती ओळ?" मी अध्यक्षांना विचारलं.

"चेक सापडला ना? आता कशाला उकरायचं?"

सचिव म्हणाले, दुरुस्ती पुढच्या सभेतच होईल. सभा अध्यक्ष बोलावतात, आणि त्यांनी अजून बोलावलेली नाही. शेजारच्या एका सोसायटीने बाईंना नव्या वर्षाच्या कामाबद्दल "बघू" म्हणून सांगितलं आहे. बाई आमच्याकडे येतात, व्हाउचरं लिहितात, चेकबुकाकडे बघतसुद्धा नाहीत.

दुरुस्तीचा मजकूर मी टाइप करून ठेवला आहे. त्यावर अध्यक्षांची सही व्हायची आहे.